ग्रामसभेपासून जागतिक युवा परिषदेपर्यंत: मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी वाटाड्या

रात्री साडेदहाला फोन आला. "सर, माझं सिलेक्शन झालं. इस्तंबूलला. युनोचं आहे!"

मुलगा बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा, धारूर तालुक्यातला. त्यानं पत्र पाठवलं. वर निळा गोल, भोवती पानं, खाली 'अभिनंदन'. तिसऱ्या पानावर शुल्क: चार दिवसांचे साडेचारशे डॉलर, विमानाचं तिकीट वेगळं, सात दिवसांत भरा नाहीतर जागा जाईल. वडील घरातलं सोयाबीन पडत्या भावात काढायला निघाले होते. कार्यक्रमपत्रिका उघडली तर चारांतले दोन दिवस बोटीची सहल आणि बाजारहाट. युनोशी त्या मेळाव्याचा संबंध एवढाच, की आयोजकांनी युनोच्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांचं ते सतरा रंगी चाक छापलं होतं.

सोयाबीन पोत्यातच राहिलं. पोरगा महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

मी अंबाजोगाईजवळच्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. गेल्या काही वर्षांत आमच्याकडची चार मुलं आणि तीन मुली शांतता, विकास, सर्जनशीलता अशा विषयांवरच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यांना जाऊन आल्या. त्याहून कितीतरी जणांचे अर्ज नाकारले गेले. दोघांचे पैसे बुडाले. या सगळ्यांच्या मागं धावताना जे कळलं, ते क्रमानं लिहितो.

पहिली पायरी: मेळावा खरा आहे का ते बघा

संयुक्त राष्ट्रसंघ स्वतःच्या परिषदांना बसण्याचे पैसे घेत नाही. हे वाक्य आधी पाठ करा. निळं बोधचिन्ह कुणीही चिकटवतो. संघाच्या अधिकृत पत्त्याचा शेवट 'यूएन डॉट ऑर्ग' असा असतो, तेवढं तपासलं तरी अर्धी जत्रा गळून पडते.

आता खरे मेळावे. युनेस्कोचा युवा मंच १९९९ पासून भरतो, तोही दर दोन वर्षांनी होणाऱ्या सर्वसाधारण परिषदेला जोडून. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा युवा मंच २०१२ पासून न्यूयॉर्कला भरतो, बहुधा एप्रिलच्या आसपास. तिथली खुर्ची बहुतेक वेळा सरकारी शिष्टमंडळातून किंवा त्या परिषदेकडे सल्लागार दर्जा असलेल्या संस्थेमार्फत मिळते आणि प्रवासखर्च सहसा ज्याचा त्यालाच करावा लागतो. हवामान हा तुमचा विषय असेल तर जागतिक हवामान परिषदेच्या तोंडावर 'कॉय' नावाची तरुणांची परिषद होते. तिची देशपातळीवरची धाकटी भावंडंही असतात, त्यांना 'एलकॉय' म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी, कारण व्हिसाची कटकट नाही. जी-२० देशांच्या तरुणांची 'वाय-२०' परिषद २०२३ च्या ऑगस्टमध्ये वाराणसीला झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महिलांच्या 'डब्ल्यू-२०'ची पहिली बैठक आपल्या छत्रपती संभाजीनगरात भरली होती. भिंती रंगल्या, दुभाजकांत कुंड्या आल्या. शहरातल्या किती मुलींना आत बसून ऐकायला मिळालं, ते वेगळं.

शुल्क असलं म्हणजे फसवणूकच, असं मात्र नाही. 'वन यंग वर्ल्ड'चं पहिलं संमेलन २०१० साली लंडनला झालं. तिथं कंपन्या आपल्या तरुण कर्मचाऱ्यांचं शुल्क भरतात आणि इतरांसाठी शिष्यवृत्त्या असतात. काही मेळावे सरकारं भरवतात आणि राहणं-जेवणं सगळं करतात. जागतिक युवक व विद्यार्थी महोत्सव १९४७ साली प्रागला सुरू झाला तेव्हापासून त्याला राजकारणाचा रंग आहेच. तिथं जाऊ नका असं मी म्हणत नाही. यजमान कोण आणि त्याला या मेळाव्यातून जगाला काय दाखवायचंय, हे वाचून जा, म्हणजे कुणाच्या फोटोत आपण का उभे आहोत ते कळतं.

संशय असेल तर मी दोन गोष्टी बघतो. मागच्या वर्षीचा ठराव किंवा अहवाल वाचायला मिळतो का? नुसते कोट घातलेल्यांचे समूहफोटोच असतील तर पुढं जाऊ नका. आणि अर्ज केल्यावर किती दिवसांत निवड झाली? दोन दिवसांत 'अभिनंदन' आलं असेल तर समोरचा प्रतिनिधी निवडत नाही, गिऱ्हाईक पटवतोय. मागच्या वर्षी गेलेल्या एखाद्या भारतीय मुलाला लिंक्डइनवर शोधून सरळ विचारा. मुलं खरं सांगतात.

एक पैसा न लागणारी वाटही आहे. जपानच्या गोई पीस फाउंडेशनची तरुणांसाठी निबंध स्पर्धा असते. पंचवीस वर्षांपर्यंतच्यांना भाग घेता येतो, इंग्रजीत सातशे शब्दांच्या आत लिहायचं, प्रवेशशुल्क नाही. कॅमेऱ्याकडे ओढा असलेल्यांसाठी 'प्लुरल प्लस' हा संयुक्त राष्ट्रांशी जोडलेला लघुपट महोत्सव आहे, विषय स्थलांतर आणि विविधता. मोबाइलवर चित्रीकरण केलेलं चालतं. ज्या जिल्ह्यांतली गावंच्या गावं दिवाळीनंतर रिकामी होतात, तिथल्या पोरांना स्थलांतर हा विषय शोधायला बाहेर जावं लागत नाही.

दुसरी पायरी: एक प्रश्न धरा आणि तळापर्यंत जा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. अर्ज इथंच जिंकला किंवा हरला जातो.

आमची एक विद्यार्थिनी काठमांडूच्या एका मेळाव्यासाठी अर्ज भरत होती. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. तिचा पहिला खर्डा असा: 'मी एक ध्येयवेडी युवा नेता असून शाश्वत विकास आणि जागतिक शांततेसाठी काम करण्याची मला तळमळ आहे.' हे वाक्य लागोसचा मुलगाही लिहितो आणि लिमाची मुलगीही. निवड करणाऱ्यानं ते त्या दिवशी शंभरदा वाचलेलं असतं.

मी तिला कागद बाजूला ठेवायला सांगितला.

"कोयता म्हणजे किती माणसं?"

"दोन, सर. नवरा-बायको."

"उचल कधी घेतात?"

"पावसाळ्यातच. मुकादम घरी येतो."

"मग हंगामात तू कुठं असायचीस?"

"चौथीपर्यंत फडावर. पुढं आजीपाशी राहिले. गावात हंगामी वसतिगृह निघालं, तिथं जेवायचे."

"हेच लिही."

"हे काय लिहायचं, सर? हे तर सगळ्यांनाच माहितंय."

तिची अडचण हीच होती. तिच्या गावात ते सगळ्यांना माहीत होतं, काठमांडूत एकालाही नव्हतं. दुसरा खर्डा असा झाला: 'माझे आई-वडील दिवाळीनंतर पाच-सहा महिने घराबाहेर असतात. कामाच्या हिशेबात त्या दोघांना मिळून एकच धरतात, त्याला कोयता म्हणतात. पैसे आगाऊ घेतलेले असतात, म्हणून मधेच परतता येत नाही. आमच्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं, त्या वर्षापासून माझी शाळा बुडाली नाही. तुमच्या देशात असे हंगामी कामाला जाणारे लोक आहेत का, आणि त्यांच्या मुलांची शाळा कोण सांभाळतं, हे मला विचारायचं आहे.' तिची निवड झाली. माझा अंदाज, शेवटच्या प्रश्नामुळं झाली. बाकी सगळे उत्तरं घेऊन आले होते.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. पाणी असेल तर २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे सांगाच, पण तिथं थांबू नका. ती रेल्वे यायची वेळ का आली, आपल्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, टँकरच्या रांगेत बायकाच का उभ्या होत्या, हे सांगा. नुसता दुष्काळ विकायला नेऊ नका. बाहेरचे लोक हळहळतात आणि विसरतात.

शांततेचं तर आपल्याकडे फारच सोयीचं झालंय. बुद्ध आणि गांधी ही दोन नावं घेतली की मुलांना वाटतं भाषण झालं. मराठवाड्याच्या मुलानं शांततेवर बोलायचं तर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा माहीत पाहिजे. सोळा-सतरा वर्षं चाललेला, गावागावांत घरं जळालेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तारापाशी येऊन थांबलेला. आरक्षणाच्या वादातून अलीकडे आपल्या गावांत जो ताण आलाय, तोही लपवू नका. सुरक्षा परिषदेनं ९ डिसेंबर २०१५ रोजी २२५० क्रमांकाचा ठराव केला. त्यात तरुण म्हणजे १८ ते २९ वयाचे धरलेत आणि पाच गोष्टी मांडल्यात: सहभाग, संरक्षण, प्रतिबंध, भागीदारी, आणि हिंसेतून बाहेर पडलेल्यांना पुन्हा समाजात घेणं. ठराव मोजक्या पानांचा आहे. तो वाचून स्वतःला विचारा, आमच्या गावात यातलं कुठलं कलम लागू पडतं? दोन आळ्यांमधलं भांडण पोलिसांत जाण्याआधी कुणी मिटवलं? ते मिटवणारे किती वयाचे होते?

आणखी एक गोष्ट आपल्या दारात आहे. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अनेक वर्षांपासून परदेशी विद्यार्थी शिकायला येतात, त्यांत येमेनचे पुष्कळ. शांतता परिषदेची तयारी करताना एक रविवार काढून त्यांच्यासोबत चहा प्या. इंग्रजीचा सराव तर होतोच. आणि घरी फोन लागला नाही की माणूस कसा दिसतो, ते समोर बसून कळतं.

पासपोर्ट: आजच काढा

निवड झाल्यावर काढू म्हणणाऱ्यांची निवड होते आणि विमान सुटतं. साधा छत्तीस पानी पासपोर्ट पंधराशे रुपयांना पडतो. तत्काळला वर दोन हजार. एजंटाची गरज नाही. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरा, तारीख घ्या आणि मूळ कागद घेऊन केंद्रावर जा.

आपल्याकडचं खरं दुखणं नावाचं आणि जन्मतारखेचं. गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या गावाची तारीख १ जून लावलेली असते. ग्रामपंचायतीच्या नोंदीत वेगळीच, आधारवर फक्त साल. शिवाय एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गायब. अर्ज भरण्याआधी टीसी, दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि बँकेचं पुस्तक शेजारी-शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. किरकोळ फरक आधार केंद्रावर दुरुस्त होतो. दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका, त्यामुळं पासपोर्टवर 'ईसीआर'चा, म्हणजे काही देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते असा, शिक्का बसत नाही. पोलीस पडताळणीला येतील तेव्हा दिलेल्या पत्त्यावर हजर राहा. पुण्याच्या होस्टेलवर असाल तर तसं आधीच बघा.

एकदा पासपोर्ट आला की मेळाव्याच्या अर्जावर नाव त्यावर आहे तसंच लिहायचं. निमंत्रणपत्रात एक अक्षर चुकलं तर दूतावासातला माणूस तुमच्या मराठी नावावर दया दाखवत नाही. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची सहा महिने मुदत उरलेली असावी.

नेपाळला पासपोर्ट लागत नाही. पण विमानानं जाणाऱ्या प्रौढाला आधार कार्ड चालत नाही, मतदार ओळखपत्र लागतं. आमच्या त्या मुलीचं मतदार कार्ड काढलेलंच नव्हतं. तहसीलला तीन हेलपाटे घातले.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस हातात ठेवावे लागतात. मी तर दोन महिने धरतो, कारण बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याला जावं लागतं आणि तारखा मिळत नाहीत. किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. ऐकून घाबरू नका, आठवड्याचा हप्ता हजार-दोन हजारांच्या घरात जातो. बँक खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक लाखभर टाकू नका. ते त्यांना लगेच दिसतं. खर्च आयोजक करणार असतील तर निमंत्रणपत्रात तसं स्पष्ट लिहून घ्या: तिकीट, राहणं, जेवण, विमा, प्रत्येक शब्द.

पैशांचं कसं

'पूर्ण अर्थसाहाय्य' या शब्दांत एक खोच असते. पुष्कळ आयोजक म्हणतात, तिकीट तुम्ही काढा, आम्ही नंतर परत देऊ. साठ हजारांचं तिकीट आधी कोण काढणार? सरळ लिहा: 'माझ्या कुटुंबाला ही रक्कम आगाऊ भरणं शक्य नाही, कृपया तिकीट तुमच्याकडून काढावं.' दहातले सहा-सात ऐकतात. लाजून गप्प बसलेली मुलं सावकाराकडे जातात, हे मी पाहिलंय. तिकिटाची पावती आणि दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास जपून ठेवा. एकानं परतीचा पास विमानतळावरच्या कचऱ्यात टाकला आणि अर्धे पैसे अडकले.

वर्गणी मागायची तर पत्र घेऊन जा. महाविद्यालय, विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग, रोटरी-लायन्स, गावची पतसंस्था, आडत्याचं दुकान. प्रत्येकाला एकच सांगा: एवढा खर्च, एवढे जमले, एवढे कमी पडतात. आल्यावर हिशेब द्या, न मागता. पुढच्या पोरासाठी ते दार तुम्ही उघडं ठेवत असता. राजकीय पुढाऱ्याकडून घेतले तर परतल्यावर त्याच्या फलकावर तुमचा फोटो लागणार, हे धरून चाला.

दोन मिनिटांचं भाषण

बोलायला दोन किंवा तीन मिनिटं मिळतात. नंतर माईक बंद होतो, खरोखर बंद होतो. आपल्याकडे तेवढ्या वेळात व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंही संपत नाहीत. इंग्रजीत सावकाश बोललं तर दोन मिनिटांत सव्वादोनशे शब्द बसतात. त्याहून जास्त लिहू नका. सलामी एका ओळीची. मग एक माणूस किंवा एक प्रसंग, मग त्यातून निघणारी एक मागणी. कागद आदल्या दिवशी दुभाषांना द्या. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत आपली नाही, तेव्हा तुमचं इंग्रजी कुणीतरी त्याच क्षणी स्पॅनिश नाहीतर अरबीत बोलत असतं. तुम्ही धावलात तर तो मागं राहतो.

'उचल', 'मुकादम', 'फड' हे शब्द तसेच ठेवा आणि प्रत्येकाला चार शब्दांत उलगडा. आमची पोरगी 'उचल'साठी 'अॅडव्हान्स' म्हणायची. त्यातून काहीच कळत नव्हतं, अॅडव्हान्स तर नोकरदारही घेतो. मग तिनं लिहिलं: 'उचल म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी घेतलेले आणि काम संपलं तरी कधी कधी न फिटणारे पैसे.' सभागृहात तिथंच लोकांनी वर बघितलं, असं ती सांगते.

इंग्रजी कच्चं म्हणून घरी बसणाऱ्यांना एवढंच सांगतो: कोरिया, व्हिएतनाम, ब्राझीलच्या मुलांचंही कच्चंच असतं, आणि ती बिनधास्त बोलतात.

तिथं पोचल्यावर

आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून असेल तर एक दिवस आधी मुंबईत पोचा. देवगिरी किंवा लातूर एक्सप्रेसच्या वेळेवर विमानाचा भरवसा टाकू नये. खाण्याचं नेताना जपून. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून कुंथलगिरीचा पेढा घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचा चुरा बॅगेत असू द्या.

मोठ्या सभागृहातली भाषणं ऐका, पण खरं काम छोट्या गटांत आणि रात्री मसुदा लिहिताना होतं. ग्रामसभेचा ठराव पाहिलाय ना? सूचक, अनुमोदक, आणि ग्रामसेवकाच्या हातात वही. इथंही वही कुणाच्या हातात आहे ते पहिल्या दिवशीच हेरा आणि त्याच्या शेजारी बसा. मसुद्यात चौकोनी कंसात असलेले शब्द म्हणजे त्यांवर अजून एकमत नाही. 'आवाहन करते' आणि 'प्रोत्साहन देते' या दोन क्रियापदांत फार अंतर असतं. एकात जबाबदारी येते, दुसऱ्यात नुसती पाठ थोपटणं. सगळा ठराव बदलायला जाऊ नका. एक वाक्य धरा. आमच्या मुलीनं शिक्षणाच्या कलमात 'स्थलांतरित कुटुंबांची मुलं' याच्या आधी 'हंगामी' हा एक शब्द घालून घेतला. त्यासाठी नेपाळच्या वीटभट्टी मजुरांवर काम करणारी एक मुलगी आणि फिलिपिन्सचा एक मुलगा तिनं जेवणाच्या रांगेत गाठले होते.

सांस्कृतिक संध्याकाळी हिंदी गाण्यावर नाचणारे भारतीय पुष्कळ असतात. तुम्ही भारूड करा. अर्थ तीन वाक्यांत आधी सांगा आणि मग बेधडक सुरू करा. पैठणच्या नाथांनी विंचू चावल्याचं सोंग सोळाव्या शतकात रचलं, ते भाषा न कळणारालाही हसवतं. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात काम केलेल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

मुलींच्या घरच्यांसाठी वेगळं: राहण्याचा पत्ता, खोलीत कोण, आयोजकांतल्या एका बाईचा नंबर, हे लिहून आईच्या हातात द्या. "कामून जायली गं एवढ्या लांब?" या आजीच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. पण रोज रात्री एक फोन करायचा, हे ठरवलं की घर निवळतं.

परत आल्यावर

हार, शाल, व्हॉट्सअॅपचं स्टेटस, दोन दिवस. मग पंधरा दिवसांच्या आत तीन कामं. आयोजकांकडे बिलं. भेटलेल्यांपैकी पाच जणांना वेगवेगळी पत्रं, एकच मजकूर सगळ्यांना नको. आणि गावात, शक्यतो ग्रामसभेतच, वीस मिनिटं बोलणं. तिथं लोक 'किती खर्च आला' हेच आधी विचारतात, तयार राहा.

आम्ही त्यातून पुढं एक केलं. गेल्या जानेवारीत आमच्या एका विद्यार्थ्याच्या शेतात दिवसभराचा छोटा मेळावा भरवला. संभाजीनगरहून सात परदेशी विद्यार्थी, आमची तीस पोरं. विषय एकच: 'घर सोडून जाणं'. खर्च गाडीभाडं आणि जेवण एवढाच. संध्याकाळी आगटी पेटवली. येमेनच्या मुलानं हुरड्याचं कणीस हातात घेतलं, चोळलं, दाणे तळहातावर फुंकले आणि म्हणाला, आमच्याकडेही हीच ज्वारी. सकाळी माईक लावून झालेल्या सत्रात तो एक शब्द बोलला नव्हता. आगटीपाशी दीड तास बोलला. या वर्षी माईक भाड्यानं आणायचा नाही, ते पैसे गोवऱ्यांना आणि एका जास्तीच्या गाडीला.